सर्वांत जास्त पाऊस नेमका कुठे?

भारतात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ८७० मिलिमीटर पाऊस पडतो. देशाच्या वर्षभराच्या पावसातला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा या एका मोसमाचा असतो. ही सरासरी मात्र फार थोड्या गावांना लागू पडते. पश्चिम राजस्थानात या चार महिन्यांत तीनशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. मराठवाड्यात तो साडेसहाशेच्या घरात असतो, कोकण-गोव्यात २९०० मिलिमीटरच्या जवळ जातो, आणि मेघालयातल्या मॉसिनराम या गावाची वार्षिक सरासरी तर सुमारे ११,८७२ मिलिमीटर आहे. मॉसिनरामवर एका वर्षात जेवढे पाणी पडते, तेवढे जैसलमेरवर पडायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील.

जगात सर्वाधिक वार्षिक सरासरी पाऊस पडणारे ठिकाण म्हणून मॉसिनरामची नोंद आहे आणि शेजारचे चेरापुंजी त्याच्या पाठोपाठ येते. चेरापुंजी हे नाव तर इतके रुळले आहे की त्याचे जवळजवळ सामान्यनाम झाले आहे. आंबोली ही ‘महाराष्ट्राची चेरापुंजी’, कर्नाटकातले आगुंबे ‘दक्षिणेची’, नेरियामंगलम ‘केरळची’ आणि वालपराईजवळचे चिन्नकल्लार ‘तामिळनाडूची’. अकोले तालुक्यातल्या घाटघरला ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणतात. या सगळ्या ‘चेरापुंज्यां’मध्ये पाऊस खरोखर सर्वांत जास्त कुठे पडतो, याचे उत्तर किती मुदतीचा हिशेब मांडला यावर ठरते. वर्षाचा हिशेब मांडला तर मेघालय फार पुढे असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांचाच मांडला तर सह्याद्री त्याच्या बराच जवळ येतो. एका दिवसाचा मांडला तर समुद्रसपाटीवरचे एखादे शहरही डोंगरगावांना मागे टाकते.

मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

पाऊस उंचीत मोजतात. पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, वाफ होऊन उडाले नाही, तर सपाट जागेवर ते किती उंच साचेल, तो आकडा म्हणजे पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस झाला की एक हेक्टर शेतावर दहा लाख लिटर पाणी पडलेले असते. मॉसिनरामचा वर्षभराचा पाऊस असा साचवला तर पाणी चार मजली इमारतीच्या गच्चीला टेकेल. घाटातली जुनी माणसे आजही पाऊस इंचांत सांगतात. १०० इंच म्हणजे २५४० मिलिमीटर.

भारतीय हवामान खात्याच्या केंद्रांवर रोज सकाळी साडेआठ वाजता मागच्या २४ तासांचा पाऊस मोजून लिहिला जातो. त्यामुळे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कोसळलेली सर एकाच तारखेच्या खात्यावर जमा होते आणि साडेआठच्या अलीकडे-पलीकडे पडलेली दोन तारखांत वाटली जाते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की तो ‘जोरदार’ ठरतो, ११५.६ पासून ‘खूप जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. महाराष्ट्राच्या महसूल खात्याच्या लेखी एखाद्या मंडळात दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणे म्हणजे अतिवृष्टी. महाबळेश्वरात किंवा ताम्हिणीत जुलै महिन्यात अशा दिवसाची कोणी दखलही घेत नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या मंडळात तेवढाच पाऊस झाला तर पंचनामे सुरू होतात.

पर्जन्यमापक कुठे बसवला आहे, यालाही महत्त्व असते. डोंगरात एका दरीतून दुसऱ्या दरीत गेले की पाऊस बदलतो. मापक झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला असेल, किंवा उघड्या कड्यावर वाऱ्याच्या झोतात असेल, तर त्यात पाणी कमी पडते. म्हणून ‘सर्वांत जास्त पाऊस’ याचा काटेकोर अर्थ ‘जिथे मोजला गेला तिथला सर्वांत जास्त पाऊस’ एवढाच असतो.

खासी टेकड्यांची भिंत

मेघालयाचे पठार बांगलादेशातल्या सिल्हेटच्या सखल मैदानातून एकदम उभे राहते. मैदान समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर खासी टेकड्या १३०० ते १४०० मीटरपर्यंत चढतात. चेरापुंजी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे, मॉसिनराम सुमारे १४०० मीटरवर, आणि दोहोंमधले सरळ रेषेतले अंतर १५ किलोमीटरच्या आसपास. दोन्ही गावे पठाराच्या दक्षिण कडेवर, खोल दऱ्यांच्या माथ्याशी वसली आहेत.

बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे बांगलादेशाच्या सपाट, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या प्रदेशावरून अडथळ्यावाचून उत्तरेकडे जातात. वाटेतल्या ‘हाओर’ नावाच्या विस्तीर्ण पाणथळ जागांवरून जाताना त्यांच्यातली वाफ कायम राहते. पुढे खासी टेकड्यांची भिंत आडवी येते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दऱ्या नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जातात. त्यांत शिरलेली हवा कोंडते आणि तिला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. वर चढलेली हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. या क्रियेला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. सगळ्या डोंगराळ भागांत ती घडते, पण इतकी दमट हवा, इतका तीव्र चढ आणि अशा निमुळत्या दऱ्या एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण भारतात नाही.

इथला पाऊस मुख्यतः रात्री आणि पहाटे कोसळतो. दुपारी पुष्कळदा उघडीप असते. जून आणि जुलै या दोनच महिन्यांत चेरापुंजीला वर्षाच्या जवळजवळ निम्मा पाऊस होतो. पण पावसाची सुरुवात मोसमाच्या बरीच आधी झालेली असते. एप्रिल-मेमध्ये ईशान्य भारतात गडगडाटी वादळे येतात आणि त्या दोन महिन्यांतही चेरापुंजीला भरपूर पाऊस पडतो.

चेरापुंजीचे स्थानिक खासी नाव सोहरा. इथल्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातात आणि त्यांतले काही आकडे आजही जागतिक विक्रम आहेत. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत इथे सुमारे २६,४७० मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला जवळजवळ ९३०० मिलिमीटर एकट्या जुलै १८६१ मधला होता. १५ आणि १६ जून १९९५ या दोन दिवसांत २४९३ मिलिमीटर पाऊस पडला. ४८ तासांतला हा जगातला सर्वाधिक पाऊस म्हणून जागतिक हवामान संघटनेने नोंदवला आहे. मॉसिनरामची वार्षिक सरासरी चेरापुंजीपेक्षा थोडी जास्त असली तरी जुने, गाजलेले विक्रम चेरापुंजीच्याच नावावर आहेत. १७ जून २०२२ रोजी दोन्ही गावांत एकाच वेळी पावसाने कहर केला. मॉसिनरामला त्या दिवशी १००३.६ मिलिमीटरची नोंद झाली आणि चेरापुंजीला ९७२ मिलिमीटरची.

सह्याद्रीची रांग

मेघालयात जास्त पावसाचा टापू लहान आहे. पश्चिम किनाऱ्यावर तो शेकडो किलोमीटर लांब पट्ट्यात पसरला आहे. गुजरातच्या डांगपासून केरळच्या दक्षिण टोकापर्यंत सुमारे १६०० किलोमीटर लांबीची सह्याद्रीची रांग नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाटेत जवळजवळ काटकोनात उभी आहे. पावसाळ्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून निघालेला जोरदार वारा अरबी समुद्र ओलांडून वाफेने भरलेला येतो आणि या रांगेला धडकतो.

किनाऱ्यावर मुंबईत मोसमात २१०० ते २३०० मिलिमीटर पाऊस होतो, रत्नागिरीत त्याहून जास्त. आकडे खरे वाढतात ते घाटाचा चढ सुरू झाल्यावर. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना इगतपुरी, भंडारदऱ्याजवळचे घाटघर, माथेरान, लोणावळा, मुळशी तालुक्यातली ताम्हिणी, महाबळेश्वर, कोयनेच्या खोऱ्यातले नवजा, कोल्हापूर जिल्ह्यातला गगनबावडा आणि सावंतवाडी तालुक्यातली आंबोली अशी जास्त पावसाच्या गावांची माळच लागते. गोव्यात सत्तरीतली वाळपई आणि दक्षिणेकडचे सांगे ही डोंगराजवळची केंद्रे किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा पुढे असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले आमगाव, शिवमोग्गा जिल्ह्यातली आगुंबे आणि हुलिकल ही कर्नाटकातली ठिकाणे. पुढे केरळात नेरियामंगलम आणि तामिळनाडूच्या अण्णामलै डोंगरात चिन्नकल्लार.

महाराष्ट्रात पावसाळ्याच्या बातम्यांत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर ही तीन नावे वर्षानुवर्षे एकत्र येतात, कारण कोयना धरण किती भरणार हे या तीन मापकांवरून कळते. लोकांच्या मनात पावसाचे पहिले गाव महाबळेश्वर असले तरी या तिघांत नवजा अनेकदा बाजी मारते. महाबळेश्वरची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक आहे. आंबोलीची सात हजारांच्या पुढे, तर आगुंबेची साडेसात हजारांच्या आसपास. ऑगस्ट १९४६ मध्ये आगुंबेला एका महिन्यात ४५०८ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे. वीसेक वर्षांत पर्जन्यमापकांचे जाळे दाट झाल्यापासून ताम्हिणी आणि हुलिकल ही नावेही पहिल्या रांगेत येऊ लागली.

जास्त उंची म्हणजे जास्त पाऊस?

जितके उंच, तितका पाऊस जास्त, असा समज सर्वत्र आहे. सह्याद्रीतले आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे, तर आंबोली सुमारे ७०० मीटरवर. आगुंबेची उंचीही साडेसहाशे मीटरच्या आसपास. तरी या दोन्ही ठिकाणी महाबळेश्वरपेक्षा जास्त पाऊस होतो.

पश्चिम घाटावरचे पावसाळी ढग पुष्कळदा फार उंच नसतात. समुद्रावरून आलेली हवा आधीच इतकी दमट असते की थोडा चढ चढताच तिच्यातली वाफ सांडू लागते. त्यामुळे सर्वाधिक पाऊस शिखरावर पडण्याऐवजी वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर किंवा घाटमाथ्याच्या पहिल्या कडेवर पडतो. आंबोली, आगुंबे आणि ताम्हिणी ही तिन्ही ठिकाणे नेमकी अशा कडेवर आहेत. त्यांच्या पश्चिमेला जमीन एकदम कोकणात किंवा कर्नाटकच्या किनारपट्टीत उतरते.

डोंगराची रुंदीही पावसाला वळण देते. महाराष्ट्रात सह्याद्रीची भिंत उभी आणि अरुंद आहे. कर्नाटकात डोंगराळ पट्टा रुंद होतो, म्हणून तिथे पाऊस आतल्या भागातही दूरवर पोचतो. केरळ-तामिळनाडू सीमेवर पालघाटची खिंड हा रांगेतला मोठा खंड. तिथून वारे अडल्याशिवाय पूर्वेकडे निसटतात.

हिमालयाचा पायथा आणि बेटे

मेघालय आणि सह्याद्री यांच्याखेरीज तिसरा ओला पट्टा हिमालयाच्या पायथ्याला आहे. अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटला वर्षाला चार हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस पडतो. सिक्कीमच्या गंगटोकला तो साडेतीन हजारांच्या आसपास असतो. पश्चिमेकडे जाताना उपसागरावरून आलेल्या वाऱ्यातली वाफ कमी होत जाते आणि पाऊसही घटतो. याला ठळक अपवाद हिमाचल प्रदेशातल्या धरमशालेचा. धौलाधारची उंच रांग पाठीशी असल्याने इथे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. त्याच रांगांपलीकडे, लडाखमधल्या लेहला, वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास भरतात.

बंगालच्या उपसागरातले श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस घेते. मोसमी वारे केरळात सरासरी १ जूनला पोचतात. अंदमानात ते त्याआधी, मे महिन्याच्या उत्तरार्धातच आलेले असतात.

वर्ष, मोसम, महिना, दिवस

आता या सगळ्यांची तुलना वेगवेगळ्या मुदतींवर मांडता येते. वर्षाचा हिशेब घेतला तर मॉसिनराम आणि चेरापुंजी ११ हजारांच्या पुढे असतात आणि सह्याद्रीतली पहिली नावे सात-साडेसात हजारांवर. अंतर मोठे आहे.

मोसमाचा हिशेब घेतला की चित्र बदलते. महाबळेश्वर, आंबोली आणि आगुंबे यांचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो. महाबळेश्वरात तर या चार महिन्यांचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. चेरापुंजीचा साधारण पाऊण हिस्सा मोसमात पडतो आणि बाकीचा मुख्यतः वळवाच्या दिवसांत येतो. त्यामुळे फक्त चार महिने मोजले तर मेघालयाची आघाडी बरीच घटते. सह्याद्रीचा पाऊस थोड्या काळात दाटलेला असतो, खासी टेकड्यांचा जास्त महिन्यांवर पसरलेला.

महिन्याचा हिशेबही सूचक आहे. मराठी शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणतो. ही दोन नक्षत्रे मिळून साधारण जुलै महिना भरतो, आणि घाटमाथ्यावर हाच सर्वांत जोराचा काळ. चेरापुंजीत जून आणि जुलै हे दोन्ही महिने जवळजवळ बरोबरीने कोसळतात.

दिवसाच्या हिशेबात डोंगराची मक्तेदारी संपते. १६ जून १९९५ रोजी चेरापुंजीला २४ तासांत १५६३ मिलिमीटर पाऊस झाला. भारतातल्या एका दिवसाच्या पावसाचे हे टोक. पण २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे घाटमाथे त्या दिवशी मागे राहिले. मोसमाचा जवळजवळ चाळीस टक्के पाऊस एका दिवसात आला. त्याच २४ तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७४ मिलिमीटर पाऊसही झाला नव्हता. असा पाऊस ढगांच्या एका प्रचंड समूहाने थोड्या जागेवर ओतलेला असतो आणि तो कुठेही पडू शकतो. डोंगर मात्र रोज, दर मोसमात, त्याच जागी पाऊस पाडतो. म्हणून दिवसाचे विक्रम अनेक ठिकाणी विखुरलेले दिसतात आणि वर्षाच्या सरासऱ्या डोंगराच्या कडेलाच सापडतात.

दोन्हीकडचा पाऊस एकाच वेळी का नसतो?

सह्याद्री आणि मेघालय यांचे जोराचे दिवस पुष्कळदा एकमेकांच्या उलट असतात. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. हवामानाच्या अंदाजात याचाच उल्लेख ‘मॉन्सूनचा आस’ असा येतो. हा आस आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेकडे असला, उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि गुजरातपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यालगत द्रोणीय स्थिती, म्हणजे कमी दाबाचा असाच लांबट पट्टा, आली, की कोकणात आणि घाटमाथ्यावर संततधार लागते. मध्य भारतही भिजतो.

आस उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की महाराष्ट्रात पावसाचा खंड पडतो. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. नेमक्या त्याच दिवसांत दमट वारे मेघालय, आसाम आणि हिमालयाच्या पायथ्याकडे वळतात आणि तिकडे नद्यांना पूर येतात. मराठवाड्यातल्या कोरड्या पंधरवड्यात चेरापुंजीच्या पर्जन्यमापकाला बहुधा उसंत नसते.

डोंगरामागची कोरड

ज्या डोंगराने पाऊस पाडला, त्याच डोंगरामागे दुष्काळ असतो. घाटमाथा ओलांडून पलीकडे उतरणारी हवा आपले पाणी सांडून आलेली असते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश.

शिलाँग चेरापुंजीच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर, त्याहून थोड्या अधिक उंचीच्या पठारावर आहे. तिथला वार्षिक पाऊस २२०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चेरापुंजीच्या एक पंचमांश. महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत पाऊस एक तृतीयांशावर येतो. घाट उतरून वाईला गेले की तो सात-आठशे मिलिमीटर उरतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावमध्ये पाचशेच्या आसपास. ताम्हिणी आणि पुणे शहर एकाच जिल्ह्यात आहेत, पण शहराला मोसमात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. चिन्नकल्लारच्या ओल्या जंगलामागचे कोईमतूरही असेच कोरडे.

या कोरड्या भागांची तहान पुन्हा घाटाचाच पाऊस भागवतो. महाबळेश्वरच्या परिसरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या उगम पावतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा पूर्वेला वळून घाटावरचे पाणी महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशाच्या कमी पावसाच्या भागांतून बंगालच्या उपसागरापर्यंत नेते. घाटमाथ्यावरचे पाणी पश्चिमेकडे कड्यावरून सोडून वीजही तयार होते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे भिवपुरी, भिरा आणि कोयना ही केंद्रे याच तत्त्वावर उभी राहिली.

अतिपावसातले जगणे

इतक्या पावसात राहण्याच्या रीती दोन टोकांच्या प्रदेशांत सारख्याच निघाल्या. खासी शेतकरी बांबू आणि पानांपासून ‘क्नुप’ बनवतात. डोक्यापासून पाठ झाकणारे हे आवरण घेतले की वाकून काम करता येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कोकणात लावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे इरले याच जातीचे. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधतात आणि कोकणात आगोटीची बेगमी भरून ठेवतात. खासी टेकड्यांत लाकडी पूल सततच्या ओलीने लवकर कुजतात. म्हणून तिथल्या लोकांनी रबराच्या जातीच्या झाडांची जिवंत मुळे ओढ्यावरून पलीकडे वाढवत नेऊन पूल तयार केले. असा पूल घडायला कित्येक वर्षे लागतात, पण झाड जगते तोवर तो बळकट होत जातो.

इतका पाऊस पडूनही दोन्हीकडे उन्हाळ्याआधीच पाण्याची ओढ लागते. चेरापुंजीच्या पठारावरचा मातीचा थर सततच्या पावसाने धुऊन गेला आहे, खाली चुनखडीचा आणि वाळूचा खडक आहे, आणि पडलेले पाणी दऱ्यांतून सरळ बांगलादेशात उतरते. हिवाळा लागला की इथे लांबून पाणी आणावे लागते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यांतही मार्च-एप्रिलमध्ये टँकर येतात. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती दिवसांत पडला आणि जमिनीने किती धरून ठेवला, यावर विहिरीचे पाणी ठरते.

अतिपावसाची दुसरी बाजू दरडींची. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातली तळिये ही गावे डोंगराखाली गाडली गेली. तळियेची दुर्घटना घडली त्याच वादळी सत्रात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि चिपळूण पाण्याखाली गेले. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाडमध्ये चूरलमला आणि मुंडक्कई परिसरातही डोंगर खचला. या तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धात घडल्या. तोवर दीड महिन्याच्या पावसाने उतारांवरची माती पाण्याने पुरती भरलेली असते. एका दिवसाचा विक्रमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आला तर जमीन तो काही अंशी पिऊन टाकते. तोच पाऊस जुलैच्या अखेरीस आला तर उतार त्याला धरू शकत नाही.

क्रमवारी स्थिर राहील का?

पर्जन्यमापकांचे जाळे दाट होत गेले तशी नवी गावे यादीत आली, आणि पुढेही येतील. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसल्यापासून, पूर्वी ज्यांच्या पावसाची कुठेच नोंद नव्हती अशा घाटवाड्यांचे आकडे रोज मिळू लागले आहेत. काही वर्षे ताम्हिणीने किंवा आंबोलीने मेघालयाच्या जवळ जाणारे आकडे दाखवले की पहिला क्रमांक बदलल्याच्या बातम्या येतात. एका वर्षाच्या आकड्याने क्रम बदलत नाही. हवामानशास्त्रात सरासरी काढायला निदान ३० वर्षांच्या नोंदी लागतात, आणि नव्या केंद्रांकडे तेवढ्या नोंदी अजून जमलेल्या नाहीत.

पावसाची वाटणीही बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारतात विस्तीर्ण भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतले वाढलेले चढउतार हे त्याचे कारण त्यांनी दिले आहे. एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो कमी दिवसांत कोसळू लागला, तर वार्षिक सरासरीच्या यादीत काही हलत नाही, पण दिवसाच्या विक्रमांची यादी बदलत जाते. पूर, दरडी आणि तुंबलेली शहरे यांचा संबंध या दुसऱ्या यादीशी असल्याने, धरणांचे दरवाजे कधी उघडायचे, गटारे किती रुंद ठेवायची आणि डोंगरउतारावरची कोणती वाडी आधी हलवायची, हे ठरवताना वर्षाच्या सरासरीपेक्षा एका दिवसाचा, किंबहुना एका तासाचा पाऊस पाहावा लागतो.